एकोणतीस भागिले आठ

शंखवेळच्या किनाऱ्यावर गेल्या वीस वर्षांत कुर्ली एकदाही वाट चुकली नव्हती.

कुर्ली म्हणजे खेकडा. पण ही कुर्ली म्हणजे यंत्रमानव (सांगितलेली कामे स्वतःहून करणारे यंत्र) होती. तिला सहा पाय होते, वजन चाळीस किलो होते आणि पुढच्या बाजूला पाणी फवारणारा एक लांब हात होता. कासवांच्या अंड्यांवरची वाळू थंड ठेवायची, हेच तिचे काम.

ही गोष्ट २०६३ सालची. तोवर कोकणातला मार्च महिना पूर्वीच्या मे महिन्यासारखा तापू लागला होता. समुद्री कासवीण किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. ती अंडी उबवते वाळूची ऊब. पण वाळू पस्तीस अंशांच्या वर जाऊन तशीच तापत राहिली, तर आतली पिल्ले जगत नाहीत. म्हणून शंखवेळच्या लोकांनी सगळी अंडी एका कुंपणात आणून पुन्हा वाळूत पुरली होती. वर सावलीची जाळी होती आणि खाली कुर्ली फिरत होती. या जागेला सगळे 'उबवणी केंद्र' म्हणत.

केंद्रात शहाण्णव घरटी होती. आठ-आठ घरट्यांच्या बारा ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीच्या कडेने कुर्लीसाठी एक वाट होती. एका वाटेपासून पुढची वाट बरोबर दोन मीटरवर. घरट्यांचे क्रमांक मात्र एकपासून नव्हे, शून्यापासून सुरू होत. शून्य ते सात ही शून्य क्रमांकाची ओळ, आठ ते पंधरा ही एक क्रमांकाची, अशा पंच्याण्णवपर्यंत. संगणकवाल्यांना शून्यापासून मोजायची सवय असते, असे रेवतीला सांगण्यात आले होते.

रेवती तांडेल सातवीत होती. तिची आई, दर्शना, या केंद्राची रक्षक होती. सुटीच्या दिवशी रेवती आईबरोबर केंद्रात यायची आणि वाळूचे तापमान वहीत लिहायची.

त्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता कुर्लीने, जास्त तापलेल्या घरट्याला आधी या नेहमीच्या नियमाने, सोळा क्रमांकाच्या घरट्याला पाणी दिले, मग चाळीसला दिले. नंतर ती एकोणतीसकडे निघाली. एकोणतीस तीन क्रमांकाच्या ओळीत. कुर्ली कुंपणाच्या कडेने चालत तीन क्रमांकाच्या वाटेपाशी आली, आणि तिथे वळण्याऐवजी सरळ पुढे गेली. मीटरभर, त्याहूनही थोडे जास्त. मग ती वळली. समोर वाट नव्हतीच. समोर चोवीस क्रमांकाचे घरटे होते. कुर्लीने पुढचा पाय उचलला.

"गो बाय, कुर्लीक थांबय!" आई ओरडली.

रेवती धावली आणि कुर्लीच्या पाठीवरचे लाल बटण तिने दाबले. उचललेला पाय हवेतच राहिला. खाली घरट्यावर विणलेली बांबूची टोपली होती आणि टोपलीखाली एकशे आठ अंडी.

दोघींनी कुर्लीला ओढत मागे आणले.

गलका ऐकून अन्वय मेस्त्री झोपडीतून बाहेर आला. अन्वय पंचवीस वर्षांचा अभियंता. तो आदल्या संध्याकाळी बोटीने आला होता आणि त्याने केंद्रात 'कान' नावाचा नवा प्रोग्रॅम बसवला होता. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी. अंड्यातून बाहेर पडलेली पिल्ले वाळूखाली हलतात, खरवडतात. 'कान' तो बारीकसा आवाज ऐकून कोणत्या घरट्यातली पिल्ले आज वर येणार ते सांगायचा. आणि सकाळीच त्याने सांगितले होते, तीन क्रमांकाच्या ओळीतली दोन घरटी आज संध्याकाळी फुटतील. कोणती दोन, ते दुपारी नक्की सांगतो.

"पाय झिजले असतील," अन्वय कुर्लीकडे बघत म्हणाला. "वीस वर्षांचं यंत्र आहे. मी कळवतो, नवीन यंत्र पाठवतील."

"कधी?" आईने विचारले.

"आठवडा तरी लागेल."

आईने तापमापीकडे पाहिले. तेहतीस पूर्णांक नऊ दशांश. बाराच्या आधीच एवढे होते. तिने झारी उचलली, टाकीतून भरून घेतली आणि पहिल्या ओळीपासून हाताने पाणी शिंपडायला सुरुवात केली. शहाण्णव घरटी, एक झारी. दोन वाजता वाळू सर्वांत जास्त तापते; तोवर हे पुरे होणार नाही, हे तिलाही कळत होते.

रेवती मात्र विचारात पडली होती. पाय झिजले असते, तर कुर्ली लंगडली असती, कुठेही वाकडीतिकडी गेली असती. ती तर अगदी सरळ चालली होती. जणू तिला तिथेच जायचे होते. आणि सोळा व चाळीसच्या वेळी ती चुकली कशी नाही?

"आये, मी स्वप्नाली आजीक घेऊन येतंय," असे म्हणून तिने सायकल काढली.

स्वप्नाली खोत त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. वीस वर्षांपूर्वी कुर्लीचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता. निवृत्त झाल्यावर त्या शंखवेळलाच राहिल्या आणि गावातली सगळी मुले त्यांना आजी म्हणू लागली. रेवती पोहोचली तेव्हा आजी शिडीवर उभ्या राहून छपरावरचे सौर पत्रे काथ्याच्या कुंच्याने धूत होत्या.

"कुर्ली वाट सोडून गेली?" आजी शिडीवरूनच म्हणाल्या. "किती गेली?"

"मीटरभर. थोडं जास्तच."

"थोडं म्हणजे किती?"

रेवतीने दोन्ही हात पसरून दाखवले, मग एक जरा आत घेतला.

"मग आधी ते मोजू," आजी खाली उतरल्या. "न मोजता दुरुस्तीला बसलं, की भलतंच दुरुस्त होतं. चल."

केंद्रात आल्यावर आजींनी कुर्लीला घरट्यांपासून दूर, रिकाम्या वाळूत न्यायला सांगितले. तिथे रेवतीने टेप धरून काठीने दर दोन मीटरवर एक रेघ ओढली. शून्यापासून पाचपर्यंत. या झाल्या खोट्या वाटा. मग ती कुर्लीला एक-एक क्रमांक सांगू लागली आणि कुर्ली जिथे वळेल तिथे खूण करू लागली.

"चोवीस!"

कुर्ली चालत गेली आणि बरोबर तीनच्या रेघेवर वळली.

"पंचवीस!"

कुर्ली रेघ ओलांडून पुढे गेली. रेवतीने टेप लावला. पंचवीस सेंटिमीटर.

"सव्वीस!" पन्नास सेंटिमीटर.

सत्तावीसला पंचाहत्तर झाले. अठ्ठावीसला एक मीटर. एकोणतीसला सव्वा मीटर. एकतीसला पावणेदोन मीटर, म्हणजे जवळजवळ पुढच्या वाटेवर. आणि बत्तीसला कुर्ली पुन्हा शहाण्यासारखी चारच्या रेघेवर वळली.

रेवती वाळूतल्या खुणांकडे बघत राहिली. "आजी, प्रत्येक घरट्याला पंचवीस सेंटिमीटर वाढतंय. दोन मीटरचा आठवा भाग! आणि आठच्या पाढ्यातला आकडा आला की ती चुकत नाही. म्हणून सोळाला आणि चाळीसला बरोबर गेली!"

"म्हणजे पाय झिजलेले नाहीत," अन्वय हळूच म्हणाला.

"झिजलेले पाय असला हिशेबी घोळ घालत नाहीत," आजी म्हणाल्या. त्या वाळूत बसल्या. "रेवती, घरट्याच्या क्रमांकावरून ओळ कशी काढायची, हे कुर्लीला मी अगदी सोपं करून सांगितलं होतं. क्रमांकाला आठने भाग. आता सांग, एकोणतीस भागिले आठ किती?"

"तीन पॉइंट सहा दोन पाच."

"तिसरीत असताना तू काय सांगितलं असतंस?"

रेवतीने आठवून पाहिले. "तेव्हा दशांश शिकवले नव्हते. भागाकार तीन, बाकी पाच, असं सांगितलं असतं."

"मग कुठलं उत्तर चूक?"

"दोन्ही बरोबर आहेत," असे म्हणता म्हणता रेवती उठून उभी राहिली. "कुर्ली कालपर्यंत तिसरीतलं उत्तर देत होती! तीन आलं की ती तीनच्या वाटेवर वळायची. आज ती सातवीतलं उत्तर देतेय. तीन पॉइंट सहा दोन पाच क्रमांकाची वाट शोधतेय. अशी वाटच नाही, म्हणून मधेच वळतेय!"

"पण तिला रातोरात सातवीत कुणी बसवलं?" आजींनी अन्वयकडे पाहिले.

अन्वयचा चेहरा उतरला होता. "मी," तो म्हणाला. "पहाटे मी सूत्र बदललं."

इथे थोडे थांबून 'सूत्र' म्हणजे काय ते सांगायला हवे. संगणकाला सूचना द्यायच्या तर त्या एखाद्या ठरलेल्या भाषेत द्याव्या लागतात. तिला आज्ञावली-भाषा (संगणकाला समजेल अशी काटेकोर नियमांची भाषा) म्हणतात. सूत्र ही अशीच एक भाषा होती. भाषा तयार करणारे लोक तिच्यात सुधारणा करत राहतात, आणि प्रत्येक सुधारलेल्या रूपाला आवृत्ती म्हणतात. वीस वर्षांपूर्वी आजींनी कुर्लीचा प्रोग्रॅम लिहिला तो सूत्र-दोनमध्ये. त्या आवृत्तीत भागाकाराची तिरपी रेघ दिली, की फक्त पूर्ण भाग मिळायचा आणि बाकी सोडून दिली जायची. पुढे अनेकांनी तक्रार केली, की अर्धवट उत्तर कशाला देता? म्हणून सूत्र-पाचमध्ये त्याच रेघेचा अर्थ बदलला. आता पूर्ण उत्तर मिळू लागले, दशांशासकट.

"'कान'ला सूत्र-पाच लागतं," अन्वय सांगू लागला. "कुर्लीला चालवणाऱ्या केंद्राच्या संगणकावर सूत्र-दोन होतं. मी ते काढून तिथे पाच बसवलं. कुर्ली सुरू करून पाहिली, तर ती कुरकुर न करता सुरू झाली. मला वाटलं, सगळं ठीक आहे."

"कुरकुरली असती तर बरं झालं असतं," आजी म्हणाल्या. "यंत्र बंद पडलं तर आपण लगेच बघतो. ते चालत राहिलं आणि अर्थ तेवढा बदलला, तर घात होतो. पण असू दे. पहिल्यांदा मीही अशीच चुकले होते. माझ्या वेळी एका कालव्याची दारं उलटी उघडली होती."

"मी लगेच सूत्र-दोन परत बसवतो," अन्वय उठला, आणि दोन पावलांवर थबकला. "पण मग 'कान' बंद पडेल. त्यातल्या निम्म्या सूचना सूत्र-दोनला माहीतच नाहीत. आणि आज संध्याकाळी..."

आज संध्याकाळी पिल्ले बाहेर येणार होती. घरट्यांवर टोपल्या होत्या. टोपली वेळेवर उचलली नाही, तर पिल्ले आतल्या आतच धडपडून दमतात, आणि उगाच आधी उचलली तर कुत्री आणि कावळे टपलेले असतात. गेल्या वर्षी नऊ घरट्यांच्या बाबतीत अंदाज चुकला होता. आई त्यानंतर दोन दिवस नीट जेवली नव्हती.

आई झारी घेऊन त्यांच्यापाशी आली होती. तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. "चौतीस पॉइंट दोन झाले," ती म्हणाली. "माका सांगा, आता काय करूचा? थंड वाळू होई की कान होयो?"

"दोन्ही का नाही ठेवत?" रेवतीने विचारले.

"एकाच संगणकावर?" अन्वय म्हणाला. "गोंधळ होईल. भागाकाराची रेघ तीच, शब्द तेच, अर्थ वेगळे."

रेवतीला हे पटेना. "दादा, घरी आम्ही 'झील' म्हणजे मुलगा म्हणतो. हिंदीच्या पुस्तकात 'झील' म्हणजे तळं. दोन्ही माझ्याच डोक्यात आहेत. हिंदीच्या तासाला मी काही 'मुलात होडी चालली आहे' असं वाचत नाही!"

आई हसली. त्या सकाळी ती पहिल्यांदाच हसली होती.

"बघ, पोरीला कळलं," आजी म्हणाल्या. "कुठे कुठली भाषा लावायची हे तिला ठाऊक आहे, म्हणून घोळ होत नाही. संगणकालाही तेवढं सांगून ठेवू. सूत्र-दोन एका खोलीत, सूत्र-पाच दुसऱ्या. कुणी कुणाला पुसायचं नाही. अन्वय, जुन्या आवृत्त्यांचं भांडार अजून चालू आहे. तिथून सूत्र-दोन उतरवून घे."

भांडार म्हणजे भाषेच्या सगळ्या आवृत्त्या जपून ठेवणारी सार्वजनिक जागा. शंखवेळचे नेटवर्क सुस्त होते. अकरा मिनिटे लागतील, असे संगणकाने दाखवले. तेवढ्या वेळात रेवतीने दुसरी झारी घेतली आणि आईबरोबर चौथ्या ओळीला पाणी घातले. वाळू पायाला चटके देत होती.

अन्वयने संगणकात दोन वेगळे फोल्डर केले. एकात सूत्र-दोन ठेवले, दुसऱ्यात सूत्र-पाच. मग त्याने रेवतीला हाक मारली. तिने रिकाम्या वाळूतल्या कुर्लीला सांगितले, "एकोणतीस!"

कुर्ली गेली आणि वळली. रेवतीने टेप लावला. सव्वा मीटर.

"अजून सातवीतच आहे," ती हिरमुसून म्हणाली.

अन्वय डोके धरून बसला. आजी मात्र शांत होत्या. "तुमच्या वर्गात एकाच नावाच्या दोन मुली आहेत का गं?"

"आहेत. स्वरा पेडणेकर आणि स्वरा चोडणकर."

"बाईंनी नुसतं 'स्वरा' म्हटलं तर?"

"पुढच्या बाकावरची उभी राहते."

"संगणकही तेच करतो. कुर्लीचा प्रोग्रॅम म्हणतो, 'सूत्रा, ये.' मग संगणक फोल्डर ओळीने शोधत जातो आणि त्या नावाचं जे पहिलं सापडेल ते उचलतो. त्याला शोधमार्ग (एखादं नाव कुठे-कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचं त्याची यादी) म्हणतात. पाच पुढच्या बाकावर बसलंय."

"मग दोनला पुढे बसवू," अन्वय म्हणाला.

"म्हणजे 'कान'ला दोन मिळेल!" रेवती लगेच म्हणाली. "बाकं बदलून काय होणार? पूर्ण नावानं हाक मारायला हवी."

अन्वय तिच्याकडे बघतच राहिला. मग तो भराभर कामाला लागला. त्याने कुर्लीच्या फोल्डरमध्ये एका ओळीची एक छोटी फाइल ठेवली: 'मला सूत्र-दोन हवे.' 'कान'च्या फोल्डरमध्ये दुसरी: 'मला सूत्र-पाच हवे.' आणि दारावर एक आवृत्ती-व्यवस्थापक बसवला. हाही एक छोटा प्रोग्रॅमच. कुणी 'सूत्र' म्हणून हाक मारली, की तो आधी हाक मारणाऱ्याच्या फोल्डरमधली चिठ्ठी वाचतो आणि मगच त्याला योग्य त्या खोलीत पाठवतो.

"त्यांची हत्यारंही वेगळी ठेव," आजींनी बजावले. प्रत्येक भाषेबरोबर तयार प्रोग्रॅमांचा एक मदतनीस-संच येतो: कुणी नकाशा काढून देतो, कुणी मोटर फिरवतो. "एकाचा संच दुसऱ्याने वापरला, तर पुन्हा हाच घोळ वेगळ्या वेशात येईल."

"आये मासळीची सुरी भाजीक लावणा नाय, तसा," रेवती पुटपुटली.

सव्वाबारा वाजले. चौतीस पूर्णांक पाच दशांश.

"कुर्ली, एकोणतीस!"

कुर्ली निघाली. शून्याची रेघ गेली, एकची गेली, दोनची गेली. तीनच्या रेघेवर येऊन ती थांबली, आणि वळली.

"झालं!" अन्वय ओरडला. "चला, घेऊन जाऊ आत!"

"नको," रेवती कुर्लीच्या पुढ्यात उभी राहिली. "सकाळी सोळा आणि चाळीस बरोबर आले म्हणून आपल्याला वाटलं, ती ठीक आहे. एका आकड्यावर कसं ठरवायचं? मी पूर्ण ओळ तपासणार. मग शून्य, मग पंच्याण्णव."

अन्वयने आजींकडे पाहिले. आजींनी तापमापीकडे पाहिले, मग रेवतीकडे. "तपास," त्या म्हणाल्या. "पण पळत."

रेवतीने पळतच तपासले. चोवीसपासून एकतीसपर्यंत आठही वेळा कुर्ली तीनच्या रेघेवर वळली. शून्याला ती जागची हललीच नाही, तिथेच वळली. पंच्याण्णवला अकरा क्रमांकाच्या वाटेपर्यंत जायला हवे होते. तिथे रेघ नव्हती, म्हणून अन्वय टेपचे टोक धरून धावला. बावीस मीटर. तंतोतंत.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी कुर्ली पुन्हा कुंपणात शिरली. रेवती तिच्या शेजारून चालत होती, एक हात लाल बटणावर ठेवून. कुर्ली एकोणतीसपाशी गेली ती वाटेवरूनच. तिने लांब हात पुढे केला आणि वाळूवर पाण्याचा धुरकट फवारा धरला. आईने झारी खाली ठेवली आणि पहिल्यांदा स्वतः पाणी प्यायली.

तीन वाजता वाळू तेहतीस पूर्णांक एक दशांशावर आली. साडेतीन वाजता 'कान'ने सांगितले, पंचवीस आणि तीस.

सूर्य पाण्याला टेकायच्या सुमारास आईने पंचवीस क्रमांकाची टोपली अलगद उचलली. आधी वाळू थोडी खचली. मग एक काळे, बोटाएवढे डोके वर आले. मग दुसरे. मग वाळू उकळल्यासारखी हलू लागली आणि पिल्लेच पिल्ले वर आली. ती समुद्राकडे निघाली, ओल्या वाळूवर आपल्या वल्ह्यांसारख्या हातांच्या बारीक खुणा उमटवत. दोन घरट्यांची मिळून एकशे चौऱ्याऐंशी. रेवतीने एकेक मोजले. अन्वय तोंडावर हात ठेवून उभा होता. हे त्याने कधी पाहिले नव्हते.

परत येताना त्याने आजींना विचारले, "मग आता हे असंच कायम चालू ठेवायचं?"

"नाही," आजी म्हणाल्या. "सूत्र-दोन आता म्हातारं झालंय, माझ्यासारखं. त्यात कुठे भोक सापडलं तर ते बुजवणारं कुणी उरलेलं नाही. म्हणून त्याला बाहेरच्या नेटवर्कपासून तोडून ठेव, आणि कुर्लीचा प्रोग्रॅम सवडीने सूत्र-पाचमध्ये लिहून काढा. दोन्ही आवृत्त्या एकत्र नांदल्या, की आपल्याला ही सवड मिळते. घाईत एक मोडून दुसरं उभं करावं लागत नाही."

"कोण लिहील?" अन्वयने विचारले. मग त्याने आणि आजींनी एकाच वेळी रेवतीकडे पाहिले.

एप्रिलभर रेवती शाळेतून आली, की तासभर आजींच्या ओसरीवर बसायची. सूत्र-पाचमध्ये भागाकाराच्या दोन खुणा होत्या. एक तिरपी रेघ दिली, की पूर्ण उत्तर. दोन तिरप्या रेघा दिल्या, की फक्त पूर्ण भाग. म्हणजे सूत्र-पाचला तिसरीतलाही भागाकार येत होता, फक्त तसे स्पष्ट सांगावे लागे. तिला वाटले, एक रेघ वाढवली की संपले. पण आजींनी तिला सगळा प्रोग्रॅम वाचायला लावला, तेव्हा आणखी सात ठिकाणी भागाकार सापडला. त्यांतल्या दोन ठिकाणी पूर्ण उत्तरच चांगले होते. पाण्याची वाटणी करताना जुनी कुर्ली अडीच लिटरऐवजी दोनच लिटर देत आली होती, आणि वीस वर्षे कुणाच्या लक्षात आले नव्हते. आजींच्याही.

"लिही," आजी डोळे मिचकावत म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात लिही, की स्वप्नाली खोत इथे चुकली."

मग रेवतीने जुना प्रोग्रॅम सूत्र-दोनवर आणि नवा सूत्र-पाचवर, एकाच संगणकावर शेजारी-शेजारी चालवला. दोघांना शहाण्णवच्या शहाण्णव घरटी विचारली आणि उत्तरे जुळवली. पहिल्या दिवशी चार जुळली नाहीत. तिसऱ्या दिवशी सगळी जुळली. पाण्याची वाटणी तेवढी जाणूनबुजून वेगळी ठेवली होती.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अन्वयचा फोन आला. पडद्यावर तो एका दुसऱ्याच किनाऱ्यावर उभा दिसत होता. "रेवती, आजींनी सांगितलं, नवा प्रोग्रॅम तयार आहे! मग आता सूत्र-दोन काढून टाकायचं का?"

"नको," रेवती म्हणाली. "अजून तीन घरटी वाळूत आहेत. त्यांना जुनीच कुर्ली पाणी घालेल. शेवटचं पिल्लू पाण्यात गेलं, की मग बदलू."

"पण नवा प्रोग्रॅम बरोबर आहे ना?"

"आहे. मला खात्री आहे. पण खात्री माझी आहे आणि अंडी कासवांची आहेत."

अन्वयने वळून आपल्या मागच्या कुंपणाकडे पाहिले. मग म्हणाला, "इथल्या केंद्रातही अशीच एक जुनी कुर्ली आहे. सूत्र-तीनवर चालते. तू बघशील का?"

"सूत्र-तीन?" रेवतीने वही ओढून घेतली आणि कोऱ्या पानावर तारीख टाकली. "बघते. पण दादा, आधी मला सांग, तिथे रिकामी वाळू किती आहे?"